सिलेंडरच्या दोन टोकांना दोन फटी असतात, त्या एक नाहीत

संपादक महोदय,
नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत रिव्हॉल्व्हरच्या रचनेवर जो लेख आला तो मी दोनदा वाचला, पहिल्यांदा आवडीने आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन, कारण मधल्या कॉलममधला एक आकडा डोळ्यात खुपला तो खुपलाच. लेखात म्हटलंय की सिलेंडर (गोळ्या भरतात तो फिरणारा गोल भाग) आणि नळी यांच्यामध्ये ०.०६० इंचाची फट ठेवलेली असते आणि तिलाच हेडस्पेस म्हणतात. आता ०.०६० इंच म्हणजे दीड मिलिमीटर. बँकेची दोन कार्डं एकावर एक ठेवा, तेवढी जाडी. नळीच्या तोंडाशी एवढी फट असलेलं रिव्हॉल्व्हर कोणी माझ्यासमोर झाडायला घेतलं तर मी त्या माणसाच्या बाजूला उभा राहणार नाही, पार मागे जाऊन उभा राहीन.

लेखकाला दोष द्यायला हे पत्र लिहीत नाहीये. आकडा कुठून आला ते मला चटकन कळलं, कारण ०.०६० हा आकडा खोटा नाहीच, तो फक्त चुकीच्या टोकाला चिकटवलाय. सिलेंडरला दोन टोकं, पुढे नळी आणि मागे फ्रेमची भिंत, दोन्हीकडे फट, दोन्हींची मापं वेगळी, कामं वेगळी, आणि बिघडली की लक्षणंही वेगळी. मी बरीच वर्षं टूलरूममध्ये मोजमापं करण्यात घालवली आणि नंतर नेमबाजीच्या नादाने ह्या यंत्राच्या मागे लागलो, त्यामुळे एवढं बोलायचा थोडा हक्क आहे असं समजतो.

आधी पुढची फट. सिलेंडर फिरायला हवा म्हणून त्याचं तोंड नळीला घासून चालत नाही, थोडी जागा ठेवावीच लागते. ही जागा चांगल्या हत्यारात साधारण ०.००४ ते ०.०१० इंच असते, म्हणजे आमच्या वर्कशॉपच्या भाषेत चार ते दहा थाऊ, इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही थाऊ म्हणतो. साध्या लिहायच्या कागदाची जाडी चार थाऊच्या आसपास असते, त्यावरून अंदाज घ्या. सहा थाऊच्या जवळपास असली की बहुतेक लोक खूश असतात. बाराच्या वर गेली की मात्र विचार करायची वेळ आली समजायचं.

मग शून्य का ठेवत नाहीत, असं कोणीही विचारेल, मीही विचारलं होतं. एक तर दारूची काजळी, ती सिलेंडरच्या तोंडावर साचते आणि पाचपन्नास गोळ्यांनंतर दोन थाऊची फट असेल तर सिलेंडर जड फिरायला लागतो, मग अडकतो. दुसरं कारण उष्णता आणि ते गणिताने दिसतं. पोलाद एका अंश सेल्सियसला आपल्या लांबीच्या साधारण १२ दशलक्षांश वाढतं, सिलेंडर ४० मिलिमीटर लांब धरला आणि तो १०० अंशांनी तापला तर वाढ होते ०.०४८ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दोन थाऊ. फ्रेमही तापते पण सिलेंडरइतकी नाही. म्हणजे थंड असताना कौतुकाने दाखवलेली दोन थाऊची फट गरम झाल्यावर राहतच नाही. घट्ट फट म्हणजे भारी हत्यार, हा गैरसमज नव्या लोकांत फार आहे.

ह्या फटीतून जो गॅस बाहेर येतो तो काही गंमत नाही. पॉइंट ३५७ मॅग्नम काडतुसामध्ये दाब ३५,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला पौंड) जाऊ शकतो, आणि तो दाब फट असेल तिथून दोन्ही बाजूंना पात्यासारखा निघतो. म्हणून रिव्हॉल्व्हर धरताना दुसऱ्या हाताची बोटं सिलेंडरच्या पुढे कधी न्यायची नाहीत, पिस्तूल धरायची सवय असलेले लोक नेमकी तीच चूक करतात. कोल्टची १८५५ सालची फिरत्या सिलेंडरची रायफल ह्याच कारणाने बदनाम झाली, रायफल म्हटलं की डावा हात पुढे जाणारच, आणि तिथे तर फटीतला जाळ सोडाच, कधीकधी शेजारच्या चेंबरमधली, म्हणजे सिलेंडरमधल्या काडतुसाच्या शेजारच्या खणातली, दारूपण पेट घ्यायची. हाताचं काय होत असेल ते सांगायला नको.

गोळीचा वेग फटीमुळे किती पडतो हा चर्चेचा आवडता विषय. पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही. दोनतीन थाऊच्या फरकाने जो वेग कमीजास्त होतो त्यापेक्षा जास्त फरक एकाच मापाच्या दोन वेगळ्या नळ्यांत दिसतो, त्यामुळे वेगासाठी फट घासत बसण्यात अर्थ नाही. खरा त्रास होतो तो वरच्या पट्टीला. फटीच्या बरोबर वर फ्रेमची जी पट्टी असते तिच्यावर गॅसने एक बारीक रेघ कोरली जाते. सहसा ती थोडी खोल जाते आणि तिथेच थांबते. पण १९८३ साली पॉइंट ३५७ मॅक्झिमम नावाचं लांब काडतूस बाजारात आलं तेव्हा हलक्या गोळ्या आणि भरपूर दारू ह्या जोडीने ही रेघ एवढ्या लवकर दिसायला लागली की रूगर कंपनीने त्या काडतुसासाठी काढलेलं रिव्हॉल्व्हर बनवणं थोड्याच काळात थांबवलं.

आणि फटच नको असेल तर त्याचंही उत्तर लोकांनी काढलेलं आहे. १८९५ चं नागां रिव्हॉल्व्हर बघा, बेल्जियमच्या नागां बंधूंचं, सात गोळ्यांचं. घोडा चढला की त्याचा सिलेंडर चक्क पुढे सरकतो आणि नळीला जाऊन भिडतो, काडतुसात गोळी पूर्ण आत बुडवलेली असते आणि पितळेचं तोंड नळीत शिरून फट बंद करतं. म्हणूनच त्याला सायलेन्सर लावला तर तो खरोखर उपयोगी पडतो. सिनेमात साध्या रिव्हॉल्व्हरला सायलेन्सर लावून फुस्स आवाज काढतात तेव्हा मला नेहमी हसू येतं, पुढून आवाज दाबला तरी बाजूच्या फटीतून तो येणारच ना. ह्या हुशारीची किंमत म्हणजे नागांचा चाप एवढा जड की बोट दुखतं.

आता मागची फट, म्हणजे ज्याला खरं हेडस्पेस म्हणतात ते. हे समजायला काडतुसाकडे बघावं लागतं. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते, रिम. काडतूस चेंबरमध्ये टाकलं की ही रिम सिलेंडरच्या मागच्या तोंडावर टेकते आणि काडतूस तिथे थांबतं. जिथे रिम टेकते तिथपासून मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे हेडस्पेस. पॉइंट ३८ स्पेशल आणि ३५७ मॅग्नमसाठी ते कमीत कमी ०.०६० आणि जास्तीत जास्त ०.०७४ इंच असावं लागतं. बघा, लेखातला ०.०६० इथे राहतो. आणि रिम स्वतः साधारण ०.०४८ ते ०.०६० इंच जाड असते, त्यामुळे हेडस्पेसमधून रिमची जाडी वजा केली की जी उरते ती काडतुसाच्या बुडामागची मोकळी जागा. लोक ह्या उरलेल्या जागेलाही बिनधास्त हेडस्पेस म्हणतात आणि मग एकजण बासष्ट थाऊ सांगतो, दुसरा पाच थाऊ सांगतो, दोघं भांडतात, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

ही जागा जास्त झाली तर काय होतं ते मला पहिल्यांदा एका रिकाम्या पुंगळीने, म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या पितळी नळीने, शिकवलं. एका ओळखीच्या माणसाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये हलकी काडतुसं झाडली की सिलेंडर अडकायचा, जोरदार काडतुसं मात्र सुरळीत चालायची. आम्हा सगळ्यांना हे उलटं वाटलं. मी हात वर करून सांगून टाकलं की पुढची फट कमी आहे, काजळी बसतेय. तोंड साफ केलं, पुन्हा तेच. मग एका जुन्या आर्मररने, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याने, पुंगळ्या टेबलावर उभ्या करायला लावल्या आणि त्या डुगडुगल्या. टोप्या, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या छोट्या वाट्या, बाहेर आलेल्या होत्या. त्याने समजावलं ते असं, की फायरिंग पिन, म्हणजे टोपीवर बसणारी सुई, आदळली की काडतूस आधी पुढे ढकललं जातं, टोपी फुटते आणि स्वतःच मागे सरकून भिंतीला टेकते, त्यानंतर आतला दाब वाढला की पुंगळी पण मागे येते आणि टोपीला पुन्हा आपल्या जागी बसवते. काडतूस जोरदार असेल तर हे सगळं डोळ्याला न कळता होऊन जातं. काडतूस हलकं असेल तर पुंगळीला मागे यायला ताकदच नसते, टोपी बाहेरच राहते आणि पुढच्या वेळी सिलेंडर फिरताना भिंतीला घासते. म्हणजे मी पुढच्या टोकाला साफसफाई करत बसलो होतो आणि दुखणं मागच्या टोकाला होतं. तुमच्या लेखातली चूक मला इतकी जिव्हाळ्याची का वाटली ते आता कळलं असेल.

हेडस्पेस आणखी वाढलं तर फायरिंग पिन टोपीपर्यंत नीट पोचत नाही, टोपीवर उथळ खड्डा पडतो आणि काडतूस फुसकं जातं. फारच कमी असेल तर उलटं, जाड रिमची काडतुसं भिंतीला घासत फिरतात किंवा सिलेंडर बंदच होत नाही.

रिम नसलेल्या काडतुसांचं काय हा पुढचा प्रश्न, कारण पिस्तुलाच्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने १९१७ मॉडेलची रिव्हॉल्व्हरं पॉइंट ४५ एसीपी ह्या पिस्तुलाच्या काडतुसासाठी काढली तेव्हा तीन तीन काडतुसं अर्धचंद्राच्या आकाराच्या पत्र्याच्या क्लिपमध्ये अडकवून भरायची पद्धत आली, मग रिमचं काम ती क्लिप करायची. कोल्टच्या सुरुवातीच्या सिलेंडरांत चेंबर सरळ आरपार होते, आत पायरीच नव्हती, त्यामुळे क्लिपशिवाय काडतूस टाकलं की ते खोल निघून जायचं आणि फायरिंग पिन हवेत वार करायची. १९२० मध्ये ह्यावर पॉइंट ४५ ऑटो रिम नावाचं काडतूस आलं, त्याची रिम मुद्दाम जाड, साधारण ०.०८५ ते ०.०९० इंच, क्लिपची जागा भरून निघावी म्हणून. अशा रिव्हॉल्व्हरचं हेडस्पेस साठ थाऊच्या मापाने तपासायला गेलात तर ते भयंकर ढिलं दिसेल आणि तरीही ते अगदी निरोगी असेल. म्हणजे काडतुसाचं नाव न सांगता हेडस्पेसचा नुसता आकडा देण्यात काही राम नाही.

उलट उदाहरणही सांगतो. वेब्ली मार्क सिक्स हे ब्रिटिश रिव्हॉल्व्हर, पॉइंट ४५५ चं, ह्याची बरीच रिव्हॉल्व्हरं नंतर अमेरिकेत विकली गेली आणि तिथे ४५५ ची काडतुसं मिळेनात म्हणून सिलेंडरची मागची बाजू घासून क्लिपसकट ४५ एसीपी बसेल अशी करण्यात आली. मोजमाप जुळलं, काडतूस बसलं, उडालं पण. पण ४५ एसीपीचा दाब त्या जुन्या फ्रेमसाठी जो चाचणीचा दाब ठरवलेला होता त्याच्या आसपास जातो, रोज रोज चाचणी घेतल्यासारखं. हेडस्पेस बरोबर आलं म्हणजे हत्यार सुरक्षित झालं असा अर्थ काढू नये तो ह्यामुळे.

आता मोजायचं कसं, कारण लेखात त्याबद्दल एक ओळ होती की फिलर गेज घालून बघावं. बरोबर आहे, गाडीचे टॅपेट सेट करणाऱ्या मेकॅनिककडे असतं तेच पात्यापात्याचं गेज. पण एक गोष्ट राहिली आणि तीच मुख्य आहे. त्याआधी अर्थात सगळे चेंबर रिकामे आहेत हे डोळ्याने आणि बोटाने बघायचं, एकदा नाही दोनदा, आणि काडतुसांचा डबा टेबलावर तर नाहीच, त्या खोलीतही ठेवायचा नाही. सिलेंडरचं तोंड आणि नळीचं टोक साफ पुसायचं, कारण काजळीचं कडं दोन थाऊ सहज खाऊन टाकतं.

राहिलेली गोष्ट अशी की सिलेंडर स्वतः मागेपुढे हलतो. बंद सिलेंडर बोटांनी धरून पुढे ढकला, मागे ओढा, थोडा खेळ जाणवेल, त्याला एंडशेक म्हणतात. नव्या चांगल्या हत्यारात एकदोन थाऊ, तीनपर्यंत लोक चालवून घेतात, पाच झाला तर दुरुस्ती. आता हा खेळ असताना तुम्ही नुसतं पातं घालून सात थाऊ म्हणालात तर सिलेंडर तेव्हा कुठे होता, मागे, पुढे की मध्येच लटकत? पातं आत जाताना त्याने सिलेंडरला मागे ढकललं का? म्हणून फट दोनदा मोजायची, एकदा सिलेंडर मागे दाबून, एकदा पुढे दाबून, आणि दोन्ही आकडे लिहायचे. वजाबाकी आली तो एंडशेक.

हेडस्पेसचंही तेच, फक्त तिथे सिलेंडर पुढे असताना ते सगळ्यात जास्त येतं आणि आपल्याला काळजी त्या जास्तीची असते. चेंबरच्या मागे रिमसाठी खळगा नसेल तर सिलेंडरचं मागचं तोंड आणि भिंत यातच पातं घालून माप मिळतं. पण जुन्या काही मॉडेलांत रिम बुडेल असा खळगा असतो, स्मिथ अँड वेसनच्या मॅग्नममध्ये १९३५ पासून असा खळगा होता, तिथे बाहेरून घातलेलं पातं काहीच सांगत नाही. तिथे खरं हेडस्पेस गेज हवं, किंवा मग रिमची जाडी मायक्रोमीटरने मोजलेली एक रिकामी पुंगळी घ्यायची, तिची फुटकी टोपी काढून टाकायची म्हणजे ती मध्ये येणार नाही, पुंगळी चेंबरमध्ये टाकायची आणि तिच्या बुडामागे पातं घालायचं. पातं अधिक रिम, झालं हेडस्पेस. आणि हे प्रत्येक चेंबरला करायचं, सहा चेंबर म्हणजे सहा वेळा, कंटाळा येतो पण सहातला एखादाच वाकडा निघतो आणि तो नेमका आपण सोडलेला असतो.

माझा आवडता भाग आता येतो. फ्रेमची खिडकी, म्हणजे मागच्या भिंतीपासून नळीच्या टोकापर्यंतचं अंतर, ठरलेली असते. त्यातून सिलेंडरची लांबी गेली की उरलेली जागा पुढे आणि मागे वाटली जाते. सिलेंडर तीन थाऊ पुढे सरकला तर पुढची फट तीनने कमी आणि मागची तीनने जास्त, बेरीज तीच. समजा मागे दाबून पुढची फट नऊ आणि हेडस्पेस बासष्ट आलं, बेरीज एकाहत्तर. पुढे दाबून फट सहा आणि हेडस्पेस पासष्ट, पुन्हा एकाहत्तर. बिनखळग्याच्या सिलेंडरला हा ताळा करून बघा, बेरीज जुळली नाही तर हत्यारावर शंका घेण्याआधी आपल्या मोजण्यावर घ्या, बहुतेक वेळा सिलेंडरवरचा अंगठा ढिला पडलेला असतो. मला हे कोणी शिकवलं नव्हतं, वहीत आकडे मांडता मांडता दिसलं आणि त्या दिवशी दोन्ही फटी एकाच दोरीची दोन टोकं आहेत हे डोक्यात पक्कं बसलं.

ह्याच बेरजेतून दुरुस्तीचं तर्कशास्त्रपण कळतं. एंडशेक कमी करायला सिलेंडरच्या आत, तो ज्या नळकांड्यावर फिरतो त्याच्या टोकाला दोन थाऊची चकती घालतात. वरच्या उदाहरणात ती घातली तर सिलेंडर आता दोन थाऊ कमी पुढे जाईल, म्हणजे पुढची फट सहाऐवजी आठ आणि जास्तीत जास्त हेडस्पेस पासष्टऐवजी त्रेसष्ट. मागे दाबून मिळणारे नऊ आणि बासष्ट तसेच राहतात. ज्याला हे माहीत नाही तो चकती घालतो, पुढे दाबून मोजतो, आठ बघतो आणि फट वाढली म्हणून बोंब मारतो. खरं तर खेळ तीनवरून एकवर आला. बरं, हा खेळ तसाच सोडला तर दर गोळीला सिलेंडर हातोड्यासारखा मागेपुढे आपटतो आणि आपटून आपटून खेळ आणखी वाढवतो.

पुढची फट स्वतःच जास्त असेल तर चकतीने काही होत नाही, तिथे नळी काढून एक आटा आत घ्यावी लागते आणि टोक पुन्हा बेतावं लागतं, हे जाणकाराचं काम. फट कमी असेल तर नळीचं टोक घासतात, तेही काटकोनात राहिलं पाहिजे, नाहीतर एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला सात असा प्रकार होतो. घरी कानस घेऊन बसणाऱ्यांना एवढंच सांगतो की काढलेलं पोलाद परत चिकटत नाही. आणि गोळी झाडताना शेजारच्याला शिशाचे कण लागत असतील तर त्याचा दोष फटीला द्यायची घाई करू नका, बहुतेकदा चेंबर नळीच्या रेषेत नीट येत नसतो आणि गोळी तोंडाशी तासली जाते, फट कितीही कमी केली तरी ते थांबत नाही.

एवढं सगळं लिहिलं ते एका आकड्यापायी, तुम्ही हसाल. पण लेखासोबत जे चित्र छापलंय ते चांगलं आहे आणि कोणीतरी कापून ठेवेल, त्यात बाण पुढच्या फटीवर आहे आणि खाली हेडस्पेस ०.०६० लिहिलंय. पुढच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल तर तो बाण सिलेंडरच्या मागे न्या, पुढे दुसरा बाण काढून ०.००४ ते ०.०१० लिहा, हेडस्पेसच्या आकड्यासोबत काडतुसाचं नाव द्या, आणि जमलं तर कंसात एवढं टाका की सिलेंडर कुठल्या बाजूला दाबून मोजलं.

आपला,
एक जुना वाचक, टूलरूममधून निवृत्त